तीन बोटांचं

प्रिय हट्टी अनंता,

अक्षर तू ओळखशीलच. मोडी मला अजून येत नाही, तेव्हा हे बाळबोधच वाच आणि हसू नकोस. तात्यांनी मला अक्षरओळख करून दिली ती पोथी वाचण्यापुरती, पत्रं लिहिण्यासाठी नव्हे. पण आपल्या घरात शिकवलेली कुठली गोष्ट नेमून दिलेल्या कामापुरती राहिली आहे? तुला मृदंग शिकवला तो त्यांच्या कीर्तनात साथ करायला, आणि तू नागझरीचा ओढा ओलांडून फिरंगी तोफखान्यातल्या लोकांत जाऊन बसलास. हे पत्र तिथल्याच कतरीनबाईंचा भाचा गोव्याला घेऊन येतो आहे. तो सांगत होता, तू मांडवीकाठी एका शिंप्याच्या ओसरीवर राहतोस आणि फार वाळला आहेस. वाळणारच. सारस्वतांच्या दारातही तुला पंगतीला कोण घेणार, आणि हाताने शिजवायचं म्हटलं तर तुझा भात पुण्यातसुद्धा कधी धड शिजला नाही. पत्र चालता चालता वाचू नकोस. चारचौघांतही नको. कुठेतरी नीट टेकून बस. जे सांगायचं आहे तिथपर्यंत माझा हात लवकर जात नाही, म्हणून आधी बाकीचं सांगते आहे, ते रागावू नकोस.

तुझे मेहुणे फौजेच्या फडात लेखणी चालवतात. चैत्रात फौजेने वाघोलीचा तळ उठवला आणि ती नगरच्या वाटेने गेली, तेव्हा सासूबाईंनी मला माहेरी जाऊन ये म्हटलं. शनिवारातून नारायण पेठेत यायचं, त्याला माहेरपण ते काय. पण आले ती राहिलेच, कारण आई अंथरुणावर होती. तिला ताप येऊन गेला होता. ताप गेला खरा, पण जाताना तिची अन्नावरची वासना घेऊन गेला. पेजेची वाटी तोंडाशी नेली की ती मान भिंतीकडे फिरवायची. आंबेमोहराची पेज केली, ताकातली कण्हेरी केली, तिला आवडतं ते मेतकूट कालवलं. मान भिंतीकडेच. डोळ्यांना तर नुसता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. गंज पेठेतले वैद्य येऊन नाडी बघून गेले आणि मला दाराशी बोलावून म्हणाले, औषध पोटात अन्न असलेल्या माणसाला लागू पडतं, रिकाम्या पोटी ते नुसतं कडू पाणी. अन्न जाऊ दे, मग बघू. न गेलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते तेव्हा ती म्हणाली, ते तीन बोटांचं ऐकायचं आहे. मला आधी कळेना. ती म्हणाली, अगं ते, मागच्या पडवीत वाजायचं ते. तेव्हा लक्षात आलं. तू ती फिरंग्यांची गितार लपवून आणायचास, तात्या ओंकारेश्वराला कीर्तनाला गेले की पडवीत बसायचास, आणि आई समोर तांदूळ निवडत बसायची. तू तिला बोटं दाखवली होतीस, इथे एक, इथे दोन, की तिन्ही मिळून हा आवाज. ती तुला म्हणायची, यात कुणाला तरी काहीतरी दुखतं आहे रे, पण गोड दुखतं आहे. हे सगळं ती मला सांगत राहिली आणि सांगताना तुझं नाव तिने एकदाही घेतलं नाही. नाव आपल्या घरात निघतच नाही. गेल्या अनंत चतुर्दशीला तात्यांची कशी पंचाईत झाली ते तुला सांगायला हवं. व्रत मोडता येईना, आणि देवाचं नाव तर घेतलंच पाहिजे. ज्यांचा आवाज नदीपलीकडच्या भांबुर्ड्यात ऐकू जातो ते तात्या त्या चौदा गाठींच्या दोऱ्यासमोर बसून नुसते पुटपुटले. मला हसू आलं आणि मग मी कोठीत जाऊन रडले.

माझा तुझ्यावरही राग आहे, तो इथे लिहूनच ठेवते. तू तापाने फणफणलेला कतरीनबाईंच्या घरी पडलास, तिने तुला पेज आणि पाव चारला, कुणीतरी ते पाहिलं आणि पेठभर केलं. इथवर तुझा काहीच दोष नाही. शास्त्रीमंडळींनी प्रायश्चित्त सांगितलं होतं. तात्या तयार होते. पळीभर पंचगव्य आणि चार ब्राह्मणांना जेवण, एवढ्यात सगळं मिटत होतं. पण तू सभेत उभा राहून म्हणालास, त्या माउलीच्या अन्नाने मी जगलो, ते घाण होतं असं मी म्हणणार नाही. अगदी बरोबर म्हणालास, अनंता. मी अजूनही म्हणते, बरोबरच म्हणालास. आणि तरी कितीदा वाटतं, तोंड मिटून गिळलं असतंस ते पंचगव्य तर काय बिघडलं असतं? तात्यांच्या कीर्तनाला कुणी येईना, पानाला पान लावून कुणी जेवेना. मग त्यांनी गेल्या श्रावणात ते केलं. मला बोलावलं नव्हतं, पण मी मागच्या दाराने आले होते. दक्षिणेकडे तोंड करून ते बसले, पाण्याचा घट मांडला, मेलेल्याच्या नावाने घ्यावं तसं तुझं नाव-गोत्र घेतलं, आणि आपल्या गोठ्यात राबणाऱ्या सोजरबाईने, तिला सांगितलं होतं तसं, डाव्या पायाने तो घट लवंडून फोडला. झालं. नागझरीपलीकडे तू जिवंत बसलेला आणि इकडे तुझं पाणी सांडून मोकळे. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. आवाज आला तेव्हा तिने सूप खाली ठेवलं नाही, पण त्या दिवशीच्या भातात खडे निघाले.

तर आता तुझी अक्का काय करणार? ते तीन बोटांचं वाजवणारा माणूस या घरापुरता मेलेला. तुला बोलावलं तर घरावर पुन्हा बहिष्कार, आणि बोलावलं तरी तू पोचेपर्यंत आई थांबेल याचा भरवसा नाही. मी ठरवलं, आपणच शिकायचं. त्यात काय मोठंसं, एकच तर आवाज आहे. तात्यांच्या मांडीवर बसून मी सूर ओळखायला शिकले आहे, लग्न होईपर्यंत तंबोरा धरला आहे. तीन बोटं ठेवायला असा किती वेळ लागतो, असं वाटलं होतं मला.

वैद्यांकडून औषध आणायच्या निमित्ताने मी सोजरबाईला घेऊन कतरीनबाईंकडे गेले. तिने मला अंगणातच उभं केलं. तुझी बहीण म्हणून कळल्यावर तर तिचा चेहरा असा झाला की मी पदर घट्ट धरला. ती म्हणाली, “जित्या पोराला तुम्ही मेलेला केलात. आता त्याचं वाजप कशाला हवं?” मी एवढंच सांगितलं की आई जेवत नाही. ती बराच वेळ कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, आणि मग आत जाऊन गितार घेऊन आली. मोठ्या मनाची वगैरे समजू नकोस हं तिला. पुढे प्रत्येक वेळी तिने मला टोचून बोलल्याशिवाय शिकवलं नाही, आणि वाजवणारा तिचा नवरा होता, तिला स्वतःला तीन-चार आवाजांपलीकडे काही येत नाही हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण जे येतं ते तिला येतं.

ते बोटांचं तुला काय सांगायचं, तूच त्यातून गेला आहेस. तरी सांगते, कारण दुसरं कुणी समजून घेणारं नाही. खालून दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्याशी तर्जनी, आणि पुढच्या दोन तारांवर दुसऱ्या पडद्याशी मधलं बोट आणि अनामिका. ती दोन बोटं एकमेकांना ढकलतात. तर्जनी जरा आडवी झाली की शेजारची तार मुकी. मी एकेक तार छेडून बघितली तेव्हा कळलं, यात दुसरं तिसरं काही नाही, षड्ज आहे, पंचम आहे आणि मध्ये कोमल गंधार. तिघेही ओळखीचे. पण तात्यांनी शिकवलेलं गाणं म्हणजे एका सुराने दुसऱ्याला हात धरून आणायचं. इथे तिघे एकदम दारात उभे, आणि तिघांनाही एकदमच आत घ्यायचं. माझा कान एकाकडे गेला की दुसरा निसटायचा. बोटं बरोबर पडली तर कान गोंधळायचा, कान लागला तर बोट सरकायचं. आणि नेमका कोमल गंधारच मुका राहायचा. षड्ज-पंचम खणखणीत, आणि दुखायचं ते दुखतच नाही. कतरीनबाई म्हणायची, हे सुताराचं ठोकणं झालं. माझ्या बांगड्या लाकडावर किणकिणायच्या. काढणार तरी कशा, यजमान स्वारीवर आहेत. मग मी जुन्या लुगड्याची चिंधी मनगटाला गुंडाळून त्या बांधून टाकल्या. बोटांच्या टोकांना आधी फोड आले, मग ते फुटले, मग भाकरी थापतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं. आणि घरी परत यावं तर आईची वाटी तशीच, वर साय धरलेली.

असं नागझरीच्या फेऱ्या मारून भागणार नव्हतं. गितार घरी आणायला हवी होती. ती आणली सोजरबाईने, कडब्याच्या पेंढीत घालून डोक्यावरून. मी तिला म्हटलं, पकडलं गेलं तर तुझं काम जाईल. ती म्हणाली, “लाथ म्या मारली हाय, ताईसाब. आता ओझंबी म्याच वाहीन.” एवढंच बोलली आणि गोठ्यात पेंढी उतरवून शेण काढायला लागली. गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत मी गितार ठेवली. दुपारी तात्या पान लावून आडवे झाले की मी तिथे जायची आणि घुसमटत, कुसळं टोचून घेत, तीन बोटं ठेवायची. तारा छेडायच्या त्यासुद्धा अंगठ्याच्या मांसाने, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. कोणी आलं की गितार कडब्यात खुपसायची. आणि मग एका दुपारी तो आला, अनंता. गंधार आला. तिघे एकदम आत आले आणि कुणी कुणाला ढकललं नाही. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा आला. मी वेड्यासारखी कडब्यावर बसून राहिले. उद्या दुपारी आईला ऐकवायचं असं ठरवलं. तिने त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गितार घेतली, बोटं ठेवली, आणि निघाला तो भलताच आवाज. मला वाटलं बोट चुकलं. बोटं बघितली, जागच्या जागी. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच, जसं काही एका घरात चार जण चार भाषांत भांडताहेत. मी बोटं काढली, ठेवली, काढली, ठेवली. पुढच्या दुपारीही तेच. मला वाटलं, मला कधी आलंच नव्हतं, भास झाला होता. की देवालाच हे मंजूर नाही, म्हणून आलेलं परत घेतलं. तुला सांगते, आईला धरून आणायला माझ्या हातात एकच दोरी होती आणि ती माझ्याच हातात उसवत होती असं झालं मला. मी जोगेश्वरीला नवस बोलले, वैद्यांच्या पाया पडले, आईला दटावून बघितलं, तिच्यापुढे रडून बघितलं. ती माझ्या गालावरून हात फिरवायची आणि तोंड मिटून घ्यायची. शेवटी तसाच कडबा, तशीच पेंढी, सोजरबाईच्या डोक्यावर देऊन आम्ही गितार घेऊन कतरीनबाईकडे गेलो.

तिने गितार हातात घेतली, एक एक तार वाजवली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला तिचा गळा दाबावासा वाटला. मग तिने दाखवलं. पाचही जोड तारा कुणीतरी षड्ज-पंचमात मिळवल्या होत्या, अगदी निर्मळ, केसाचाही फरक नाही. मानेवर बांधलेले तातीचे पडदे सरकवले होते, आपल्या सप्तकाला हवे तिथे. एक पडदा सैल होता तो पिवळ्या रेशमाने आवळून बांधला होता. कतरीनबाई म्हणाली, कुणी केलं ते कानाचा धनी आहे, पण गितारीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. मी त्या रेशमाच्या गाठीकडे बघत राहिले. तंबोऱ्याच्या जव्हारीला घालायचा दोरा तसला पिवळा, आणि तशी डावी गाठ, पुण्यात एकच माणूस घालतो.

म्हणजे तात्यांना कळलं होतं. कडब्याच्या खोलीतून येणारा आवाज त्यांच्या कानाला कळणार नाही असं मला वाटलं तरी कसं? ते खोलीत गेले, त्यांनी ती हातात घेतली, जिच्यापायी मुलगा गेला ती. फोडली नाही, फेकली नाही. त्यांना वाटलं, पोरीला तीन सूर जुळत नाहीत कारण वाद्यच बेसूर आहे. मग दुपारची झोप टाकून ते कडब्यात बसले आणि त्यांनी ती नीट मिळवून ठेवली, माझ्यासाठी. कुणाला न सांगता. आणि ती मिळवून त्यांनी माझे ते दिवस घालवले, अनंता. आईचे ते दिवस घालवले. मी त्यांच्यावर रागावू की त्यांच्या पायावर डोकं ठेवू हे मला आजही कळत नाही. कतरीनबाईने तारा पुन्हा तिच्या पद्धतीने लावल्या, पडदे मागे घेतले. ती पिवळी गाठ सोडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, तेवढी राहू दे. पण ती ठेवून गंधार लागेना. सोडावी लागली.

घरी आल्यावर मी गितार पुन्हा तिथेच ठेवली. संध्याकाळी तात्या गोठ्याकडे जाऊन आले. आपली गाठ सोडलेली त्यांनी बघितली असणार. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, औषधाची मात्रा दिली का. दुसऱ्या दिवसापासून मात्र दुपारचं आडवं होणं त्यांनी बंद केलं. जेवण झालं की खाकरायचे, खडावा मुद्दाम आपटत अंगण ओलांडायचे, आणि मी दारात येऊन बघेपर्यंत रस्त्याला लागलेले असायचे. भर उन्हात कुठे जायचे कोण जाणे. मला हवा तेवढा वेळ ते घराबाहेर राहायचे.

मग मी आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून वाजवलं. गंधार आला. पहिल्यांदा जरा घुसमटलेला, मग मोकळा. आईने भिंतीकडची मान इकडे केली. बराच वेळ ती ऐकत होती आणि मग म्हणाली, आलास? कोणत्या तोंडाने बोलू? मी वाजवत राहिले, कारण सोजरबाई पेजेची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसली होती आणि आईने तोंड उघडलं होतं. अर्धी वाटी पेज गेली तिच्या पोटात. मी वाजवणं थांबवलं की ती थांबायची, म्हणून माझी बोटं बधिर झाली तरी मी थांबले नाही. त्यानंतर रोज दुपारी मी अनंत व्हायची. तोंड मिटून, चिंधी बांधून, उंबऱ्याशी. वैद्यांनी नाडी बघून मान डोलावली. मला वाटायला लागलं की आपण जिंकलो. मी तेव्हा मनातल्या मनात तुला परत आणायचे बेतही करत होते, कुठल्या शास्त्र्याला भेटायचं, कुणाकडून शब्द टाकायचा, इथवर. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

एके दिवशी तिने हात पुढे केला आणि जवळ बोलावलं. पळून जावंसं वाटलं, पण गेले. तिने माझा डावा हात घेतला आणि बोटांची टोकं चाचपली. तिथे आता तुझ्यासारखेच घट्टे पडले होते. ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली आणि मला वाटलं, निभावलं. मग तिने दुसरा हात मागितला, तिची बोटं मनगटावरच्या चिंधीला लागली, आणि तिथेच थांबली. म्हणाली, “चिंधी सोड आधी. सवाष्णीच्या बांगड्या वाजू देत.” तिनेच चाचपडत गाठ सोडली. मग म्हणाली की पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. तो धीटपणे वाजवायचा, तू चोरून वाजवतेस. मी विचारलं, मग ‘आलास’ असं कशाला म्हणालीस? ती म्हणाली, म्हणून बघितलं गं, तोंडाला सवय राहावी म्हणून. आणि मग जेवलीस कशासाठी? तर म्हणाली, तू एवढी बोटं फोडून घेतलीस, तुझ्या समाधानासाठी दोन घास नको खायला? मी तिच्या अंथरुणात डोकं खुपसून रडले. ती मला थोपटत होती आणि विचारत होती, तो असेल तिथे त्याला कुणी वाढतं का. मी हो म्हटलं. कुणी वाढत असो वा नसो, मी हो म्हटलं.

अनंता, मला तो आवाज आला, मी तिला तो ऐकवला, ती जेवली, आणि तरीही ते पुरलं नाही. बुधवारी सकाळी आई गेली. फार त्रास झाला नाही, माझा हात तिच्या हातात होता. अग्नी तात्यांनी दिला. ओंकारेश्वराच्या मसणवटीतून परत आल्यावर ते ओसरीवर बसले आणि त्यांनी मला विचारलं, ज्यांना ज्यांना सुतकाची अंघोळ लागते त्यांना कळवलं का. मी सांगितलं, साताऱ्याला काकांना माणूस गेला, वाईला मामांना, चिंचवडला आत्याला. ते म्हणाले, सगळ्यांना? मी हो म्हटलं. तुझा घट फुटलेला आहे, शास्त्राप्रमाणे तुला आमचं सुतक नाही आणि आम्हाला तुझं नाही, हे त्यांना का माहीत नव्हतं? ते उठले, आत गेले, आणि आपली दौत आणि बोरू आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मग भिंतीकडे बघून पुन्हा विचारलं, “सगळ्यांना, दुर्गे?” म्हणून हे पत्र लिहिलं आहे. आपली आई गेली, अनंता. तात्यांनी तुला कळवायला सांगितलं आहे. ऊठ, आणि अंघोळ कर.

कुणी काहीही फोडो, तुझीच थोरली बहीण,
दुर्गा